न्यूरो ओटीत बायपोलर हाताळायला शिकताना

जनरल सर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कॉटरी (विजेच्या उष्णतेनं रक्तस्राव थांबवायचं साधन) म्हटलं की पेन्सिल. डॉक्टर बटण दाबतात, थोडा धूर येतो, रक्त थांबतं. बेळगावातल्या आमच्या रुग्णालयात माझी ड्युटी न्यूरोला, म्हणजे मेंदूच्या ऑपरेशनला लागली, तेव्हा हीच पेन्सिल कवटीपाशी आल्यावर बाजूला ठेवतात हे पाहिलं. डोक्याची त्वचा आणि स्नायू यांच्यापुरतीच ती. तीही बेतानं, कारण त्वचेच्या कडा भाजल्या की जखम नीट भरत नाही, केसांची मुळं जातात. म्हणून कडांना क्लिपा लावतात. हाडातून झिरपायला लागलं तर बोन वॅक्स, म्हणजे हाडाला लावायचं मेण. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उघडला की मात्र फक्त बायपोलर, म्हणजे दोन टोकांचा कॉटरीचा चिमटा.

कारण साधं आहे. पेन्सिल म्हणजे मोनोपोलर; तिचा प्रवाह टोकातून शरीरात शिरतो आणि मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून बाहेर पडतो. वाटेत काय येतं ते आपल्या हातात नसतं. बायपोलरमध्ये तो चिमट्याच्या दोन टोकांमधल्या तेवढ्याच उतीतून जातो. टोकं एकमेकांना टेकली तर प्रवाह परस्पर फिरतो आणि रक्तवाहिनी तशीच वाहत राहते. त्यामुळं मधे केसभर फट ठेवूनच पेडल दाबायचं असतं.

आमच्या सिनियर सिस्टरना सगळे आक्का म्हणतात. मला शिकवताना त्यांनी आधी चिमटा हातात दिलाच नाही. "पहिलं प्लेट बघ," म्हणाल्या. मांसल, कोरडी जागा, केस काढलेले, हाडाच्या उंचवट्यावर नको, जुन्या व्रणावर नको, आत रॉड किंवा स्क्रू असेल त्या जागेवर नको. प्लेट अर्धवट उचलली गेली तर सगळा प्रवाह उरलेल्या तुकड्यातून जातो आणि तिथं कातडी भाजते. त्वचेला लावलेलं स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी सुरू करू द्यायची नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. ते पेट घेतं.

मग पाण्याचं काम आलं. आमचे सर धारवाडकडचे. "नीर हाक्री, सिस्टर" (पाणी घाला) एवढंच म्हणतात. चिमटा चालू असताना त्याच्या टोकावर सलाईनचे थेंब सोडायचे. ६० अंशांच्या आसपास प्रथिनं गोठतात आणि रक्तवाहिनी आक्रसून बंद होते. बस, तेवढंच हवं असतं. १०० अंशांपुढं पाणी उडून जातं, ऊती करपते आणि टोकाला चिकटते. चिकटलेला चिमटा ओढला की बंद झालेली वाहिनी पुन्हा उघडते. ही उष्णता बाजूलाही पसरते, आणि तिथं दृष्टीची नस असू शकते, हाताची ताकद सांभाळणारा भाग असू शकतो. पाणी ही उष्णता काढून घेतं आणि रक्त धुऊन नेमकी जागाही दाखवतं. पण तळं साचू द्यायचं नाही; प्रवाह त्यातच पसरतो आणि वाहिनी तशीच राहते. थेंबाथेंबानं सोडायचं हे हाताला कळायला मला बरेच आठवडे लागले.

टोकं पुसायचं काम माझ्या मते सगळ्यात मोलाचं, आणि सगळ्यात दुर्लक्षित. टोकावर काळी पुटं चढली की प्रवाह नीट पोहोचत नाही, डॉक्टर पॉवर वाढवायला सांगतात आणि चिकटण्याचं दुष्टचक्र सुरू होतं. दुधाच्या पातेल्याचा तळ सुरीनं खरवडला की पुढच्या वेळी दूध लवकर लागतं, तसंच इथं. म्हणून ब्लेड लावायचंच नाही, ओल्या गॉझनंच पुसायचं. लांबलेल्या मेनिंजिओमाच्या (मेंदूच्या आवरणाच्या गाठीच्या) केसमध्ये मी दोन चिमटे आलटून पालटून देते, म्हणजे तापलेला निवतो. आणि बारीक शिरेचं झिरपणं असलं की ओली पॅटी (कापसाची छोटी पट्टी) हळुवार दाबून थोडं थांबायचं. पुष्कळदा रक्त आपसूक थांबतं, चिमटा लागतच नाही. सरांचं हे थांबणं मला फार आवडतं.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं कॉटरीचं यंत्र पहिल्यांदा वापरलं. रक्तस्रावामुळं काही दिवसांपूर्वी अर्धवट सोडावी लागलेली गाठ त्यांनी त्या दिवशी काढली. दोन टोकांच्या चिमट्याची कल्पना जेम्स ग्रीनवूड यांनी १९४० मध्ये मांडली आणि पुढं लिओनार्ड मॅलिस यांनी त्याचं यंत्र सुधारलं. हे वाचल्यापासून हातातल्या चिमट्याकडं मी अधिक आदरानं बघते.

खानापूर, निपाणी, चंदगडकडचे नातेवाईक बाहेर हमखास विचारतात, "सिस्टर, करंटनं मेंदू भाजत नाही न्हवं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी सांगते, पॉवर कमी ठेवतात, वर पाणी चालू असतं आणि प्रवाह दोन टोकांच्या मधेच राहतो. मग मीही विचारते: पेशंटला पेसमेकर बसवलाय का? खुब्यात, मांडीत रॉड आहे का? अंगावर अंगठी, जोडवी राहिलीत का? पेसमेकर असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच कळायला हवं, कॉटरीमुळं त्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून जुने कागद आणि पेसमेकरचं कार्ड ॲडमिट होतानाच घेऊन या.