कोंबड्यांच्या पायाखाली ढलप्या

खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडतात, ते पाहायला मला फार आवडतं. पण त्या पावसात त्या उंबऱ्यावरच थबकायला लागल्या. एक पाय पुढे टाकायचा, पंजा आखडायचा, मागे सरकायचं. समोर जाळीच्या आवारात नुसता रबरबाट झाला होता. गवत त्यांनी कधीच उकरून संपवलं होतं. उघडी पडलेली माती पाणी पिऊन चिकट झाली होती आणि त्यात रोजची विष्ठा कालवली जात होती. दुपारी ऊन पडलं की डोळ्यांना झोंबणारा वास यायचा.

मग एक तांबडी कोंबडी लंगडायला लागली. उचलून पाय उलटा करून पाहिला, तर तळव्याच्या मधोमध मसुराएवढी काळी खपली आणि भोवती गरम सूज. बारीकशा चिरेतून घाण आत शिरते आणि तिथे गळू धरतं. पशुवैद्यांनी औषध दिलं, पट्टी बांधून दाखवली, आणि तिला कोरड्यात ठेवा म्हणाले. कोरडं ठेवायला आवारात वीतभर जागासुद्धा नव्हती.

आधी लाकडाचा भुसा टाकून पाहिला. दोन दिवस छान वाटलं, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि त्याची लापशी झाली. वाळला तेव्हा धुरळा उडून कोंबड्या शिंकायला लागल्या. पेंढ्याचंही तेच. वरून कोरडा दिसायचा, उचलला की खाली चिकटलेला, कुबट थर. बारीक किंवा चपट्या वस्तू एकमेकींना बिलगतात, पाणी धरून ठेवतात, मध्ये हवा खेळत नाही. हवा नाही म्हटल्यावर कुजणं नासण्याच्या वाटेला जातं.

ढलप्यांचं तसं नाही. छाटलेल्या फांद्या यंत्रातून काढल्या की दोन-पाच सेंटीमीटरचे ओबडधोबड तुकडे मिळतात, काही जाड, काही सालीचे. ओबडधोबड असल्यामुळेच त्यांच्यात पोकळ्या राहतात, पाणी खाली निघून जातं आणि वरचा थर लवकर सुकतो. झाडं छाटणाऱ्यांकडून मी एक ढीग मिळवला. आणण्याआधी कशाच्या ढलप्या आहेत ते नीट विचारून घेतलं. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं जुनं लाकूड यातलं काही नको होतं. अशा जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, आणि कोंबडी तर दिवसभर चोचीनेच जग तपासत असते.

ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं. ओल्या, हिरव्या पाल्यासकट दळलेल्या ढलप्या अशा तापतात. एका बाजूला मात्र फावडं मारताच करड्या पुडीचा ढग उठला. ओलसर ढलप्यांवरचे पांढरे धागे मला चालतात, ते लाकूड कुजवण्याचं काम करतात. पण ही कोरडी, उडणारी बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात शिरली तर जिवावर बेतते. तेवढा भाग मी तोंडाला फडकं बांधून बाजूला काढला आणि कोंबड्यांपासून लांब, झाडांच्या बुंध्यांशी टाकला.

यानंतर जी चूक झाली, ती सांगायलाच हवी. चिखल तसाच ठेवून मी त्यावर चार बोटं ढलप्या पसरल्या. दोन आठवड्यांत चिखलाने त्या गिळून टाकल्या. पाणी येत होतं वरच्या उतारावरून आणि खुराड्याच्या छपरावरून, आणि मी मात्र जमिनीवरच पांघरूण घालत बसले होते. सगळं उपसलं. वरचा बुळबुळीत थर खरवडून काढला, उताराच्या बाजूला पाणी वळवणारा चर खणला, छपराला पन्हळ लावली. ढलप्या पसरायला एक दुपार पुरली. चराला तीन दिवस लागले, आणि खरं काम त्या तीन दिवसांनी केलं असं मला अजूनही वाटतं.

या वेळी थर घातला २० सेंटीमीटरचा. कडेने फूटभर उंचीच्या फळ्या उभ्या केल्या, कारण कोंबड्या मागे लाथा झाडून निम्मा माल जाळीबाहेर उडवतात. पाण्याचं भांडं विटांवर ठेवलं, म्हणजे सांडलेलं एका जागी मुरत नाही.

वास आठवड्याभरात गेला. कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं. ते अमोनिया होऊन उडतं आणि डोळ्यांना झोंबतं. लाकडात उलट कर्ब जास्त, एका भाग नत्राला ४०० भागांच्या आसपास. विष्ठेत हेच प्रमाण दहाच्या घरात असतं. दोन्ही एकत्र आले, ओल आणि हवा मिळाली, की जिवाणू आणि बुरशी ते नत्र स्वतःच्या वाढीला वापरतात आणि हवेत जाणारं नत्र थरातच अडकतं. हे सगळं हलवून मिसळायचं काम कोंबड्या करतात. दोन पाय मागे झाडायचे, एक पाऊल मागे यायचं, मान तिरकी करून एका डोळ्याने खड्ड्यात पाहायचं, आणि टचकन काहीतरी उचलायचं. काही महिन्यांनी खालचा थर काळा, भुसभुशीत झाला, तेव्हा तिथे गांडुळं आणि किडे निघायला लागले. मूठभर माती नाकाशी धरली तर पहिल्या पावसाच्या जमिनीचा वास आला.

काळजी संपलेली नाही. दाराशी आणि त्या जिथे घोळक्याने बसतात तिथे विष्ठेचा पापुद्रा धरतो, तो मी आठवड्यातून एकदा दाताळ्याने मोडते. रक्ती हगवणीचे जंतू ढलप्यांनी मरत नाहीत. विष्ठेतून पडल्यावर ऊब आणि ओल मिळाली तर ते दोन-एक दिवसांत लागण करण्याजोगे होतात. म्हणून थर ओला राहू देत नाही, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत वेगळ्या, कोरड्या जागी ठेवते.

वर्षभरात थर दबून निम्मा झाला. तळाचा काळा माल उपसला, चाळणीतून काढला, जाड ढलप्या परत आवारात टाकल्या. चाळलेलं लगेच भाजीच्या वाफ्यात घालत नाही. त्यात ताजी विष्ठा मिसळलेली असते, म्हणून आणखी काही महिने झाकून कुजू देते.

तांबडीच्या तळव्याची खपली गळून गेली, तिथे आता गुलाबी कातडी आहे. आवाराच्या फाटकाशी मात्र अजून चिखल होतो, माझ्याच पायांनी तुडवला जातो तो. पुढच्या खेपेला येणाऱ्या ढलप्यांतली पहिली पाच घमेली तिथे पडणार आहेत, पण त्याआधी तिथलं पाणी कुठून येतंय ते शोधायचं आहे.