मॉड 8 ची चार उत्तरं

सिंपाय ही पायथॉनमध्ये लिहिलेली मुक्तस्रोत गणिती लायब्ररी. तिच्या संख्या सिद्धांताच्या भागात आपलंही काही असावं, असं एमएस्सीपासून मनात होतं. विषय घेतला तो असा: ax² + bx + c ला n ने निःशेष भाग जाईल असे सगळे x शोधायचे. n ने भागून फक्त बाकी बघायची, याला मॉड n म्हणतात.

दहावीतली पूर्ण वर्ग पद्धत वापरली. वर्गमूळासाठी टोनेली-शँक्सची रीत, म्हणजे मूळ संख्येच्या मॉडमध्ये वर्गमूळ काढायची पद्धत, होतीच. एक मूळ r मिळालं की दुसरं n − r. दोन संध्याकाळींत कोड झाला, चाचण्या पास झाल्या आणि मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड सामील करून घ्यायची विनंती, टाकली.

तिसऱ्या दिवशी रिव्ह्यूमध्ये एकच ओळ आली: x² − 1 मॉड 8 घेऊन बघा.

वही काढली. 1, 9, 25, 49. चारही वर्गांना 8 ने भागलं की बाकी 1. म्हणजे उत्तरं 1, 3, 5, 7, आणि माझा कोड देत होता फक्त 1 आणि 7! दोनच मुळं असतात हे विषम मूळ संख्येपुरतं खरं. मॉड 15 लासुद्धा 1 ची चार वर्गमुळं आहेत: 1, 4, 11, 14. शिवाय पूर्ण वर्ग करताना मी 2a ने भागत होतो, पण n सम असला की मॉड n मध्ये 2 ला व्यस्तच (2 ने गुणल्यावर बाकी 1 देणारी संख्या) नसतो, म्हणून भागता येत नाही. माझ्या सगळ्या चाचण्या 7, 11, 13 असल्या संख्यांवरच होत्या.

वाट सापडायला आठवडा गेला. भागायचंच नाही, उलट सगळं 4a ने गुणायचं, मॉड्युलससकट (ज्याने भागतो तो n). मग (2ax + b)² ≡ b² − 4ac, मॉड 4an; म्हणजे 4an ने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखी. इथे माहिती जराही गळत नाही. हे कागदावर उतरलं तेव्हा फार आनंद झाला.

चाचणीही बदलली. n 30 पर्यंत, a, b, c च्या सगळ्या जोडण्या, आणि प्रत्येक x घालून काढलेल्या उत्तरांशी ताळा. पुढचं सोपं होतं: रिलीज नोटची ओळ, योगदान देणाऱ्यांच्या मेलमॅप फाइलमध्ये नाव, दोन-तीन ठिकाणी व्हेरिएबलची नावं सुधारणं.

सिंपायमध्ये डॉकस्ट्रिंगमधली, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतली, उदाहरणंही चाचणी म्हणून चालवली जातात. पहिलं उदाहरण मी x² − 1, मॉड 8 चंच ठेवलं.