त्रिनिदादचा पेपर सॉस: तिखटाच्या आधी वास

त्रिनिदादमध्ये सकाळी लवकर क्युरेप जंक्शनला उभं राहिलं, की तिखटाचा विषय आपोआप निघतो. रस्त्याच्या कडेला डबल्सच्या गाड्या लागलेल्या असतात. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (तिथं त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर छोल्यांची सरसरीत भाजी (तिथं तिला चन्ना म्हणतात), वर किसलेली काकडी, चिंचेची चटणी. मग गाडीवाला चमचा हातात धरून विचारतो, "पेपर?" म्हणजे मिरचीचा सॉस किती हवा. उत्तरं ठरलेली आहेत. स्लाइट, मीडियम, प्लेंटी. कामावर निघालेली माणसं "स्लाइट" म्हणतात, कागदातलं डबल्स उभ्याउभ्या संपवतात आणि मॅक्सी टॅक्सी पकडतात. मीही स्लाइटच मागितलं. रोज ठेचा खाणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी तेवढंच मागावं.

त्या अर्ध्या चमच्यात आधी तिखट लागलंच नाही. आधी वास आला. पिकलेल्या फळाचा, जर्दाळूच्या जवळ जाणारा, थोडासा फुलासारखा. मागून लसूण आणि आंबटपणा. आणि मग, दुसऱ्या घासाच्या मध्यावर, टाळूपासून कानांपर्यंत आग. तोवर मिरचीला स्वतःचा असा सुगंध असतो हे मला ऐकून माहीत होतं, कळलं त्या सकाळी.

आपल्याकडची ब्याडगी, संकेश्वरी, ज्वाला या सगळ्या कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या जातीतल्या. कॅरिबियन बेटांवरची स्कॉच बॉनेट, हाबानेरो आणि त्रिनिदादमध्ये जिला काँगो पेपर म्हणतात ती, या कॅप्सिकम चिनेन्स जातीच्या. जॅकविन या शास्त्रज्ञानं १७७६ मध्ये हे नाव दिलं ते ही मिरची चीनमधून आली असं समजून. खरं तर तिचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याकडे आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात मिरची आणली आणि आपल्या स्वयंपाकघरांत राहिली ती प्रामुख्यानं पहिली जात. दुसरी आपल्या देशात ईशान्येकडे दिसते. आसाम-नागालँडची भूत जोलोकिया याच घराण्यातली, थोडा दुसऱ्या जातीचा संकर असलेली. स्कॉच बॉनेटचं तिखट १ लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल एककं भरतं. आपल्या रोजच्या वापरातल्या मिरच्या बहुतेक याच्या पुष्कळ खाली राहतात.

लंडनला शिकत असताना माझ्या शेजारच्या खोलीत त्रिनिदादमधल्या चगुआनसची एक मुलगी राहायची. तिच्या कपाटात घरून आलेली पेपर सॉसची पिवळट-हिरवी बाटली कायम असे. तिच्याच आग्रहावरून मी त्रिनिदादला गेले आणि तिच्या आजींकडे उतरले. वडिलांच्या आईला तिथं आजीच म्हणतात, त्यामुळे हाक मारायला वेळ लागला नाही.

३० मे १८४५ ला फतेल रझाक हे जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन या बेटावर लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं करारावर आली, बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून जहाजात चढलेली. ३० मेला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. आजींचे आजे-पणजेही असेच आले. मळ्यांची सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली. चगुआनसच्या आसपास अजून सपाट माळ दिसतात, ऊस नसलेले.

बाजारात जाण्याआधी आजींनी गाडी कारापिचैमाला वळवली. तिथं ८५ फुटी हनुमान उभा आहे, आणि ज्या मंदिराच्या आवारात तो आहे ते मंदिर दत्ताचं. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, दाक्षिणात्य धाटणीचं, भडक रंगांचं. नरसोबाच्या वाडीच्या वाऱ्या करणाऱ्या घरात वाढलेल्या मला तिथं दत्तमूर्तीपुढे उभं राहून काय वाटलं, ते लिहिता येईल असं नाही. आजींनी मला हवा तेवढा वेळ दिला.

चगुआनसच्या बाजारात काँगो पेपरचे ढीग होते. लाल, केशरी, पिवळे, मध्येच हिरवे. आजी एकेक मिरची देठाशी धरून नाकापाशी नेत आणि मगच पिशवीत टाकत. देठ हिरवा हवा, साल ताणलेली हवी, आणि वास यायलाच हवा. "वास नाही तिला नुसती जळजळ असते, बेटी. ती आपल्या काय कामाची?" पुढच्या टोपलीतून त्यांनी पिमेंटो घेतल्या. लांबट, सुरकुतलेल्या. वास हुबेहूब काँगो पेपरचा, तिखट जवळजवळ शून्य. त्रिनिदादच्या घरांत या मिरच्या रोज कांद्या-लसणाबरोबर चिरल्या जातात. तिखट काढून टाकलं तरी मिरचीची गरज उरते, हे त्या बेटावर प्रत्येक स्वयंपाक्याला माहीत आहे.

मग शाडो बेनी. लांब, करवतीसारख्या कडांची पानं, जमिनीलगत वाढणारी. घरात आजी तिला बंधनिया म्हणत. वास कोथिंबिरीचा, पण कितीतरी दणकट, चिरल्यावर आणि वाटल्यावरही टिकणारा. ही वनस्पतीही अमेरिकेच्या उष्ण भागातलीच. हिच्याशिवाय केलेला सॉस त्रिनिदादचा होत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, नातवंडांना अंगणात पिटाळलं आणि मला हातमोजे दिले. अंदाज असा: पाव किलो काँगो पेपर, चार-पाच पिमेंटो, एक मोठा लसणाचा गड्डा, बंधनियाची पंधरा-वीस पानं, एक मध्यम गाजर, तळहाताएवढा कच्च्या पपईचा तुकडा, दोन चमचे तयार पिवळी मोहरी-पेस्ट, दीड मोठा चमचा मीठ, दोन लिंबांचा रस आणि साधारण दीड कप व्हिनेगर. पपई आणि गाजर किसून त्याच व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं उकळून गार केलं. पपईला स्वतःची अशी चव नाही, पण तिच्यामुळे सॉसला अंग येतं, तो चमच्यावर बसतो, पाणी आणि चोथा वेगळे होत नाहीत. बाकी काही शिजवायचं नाही, परतायचं नाही, तेलाचा थेंब नाही.

ठेचा करताना आपण मिरच्या तव्यावर भाजतो, तेलात लसूण-दाणे परततो, आणि तो खमंगपणा हाच ठेच्याचा जीव असतो. इथं उलट. चिनेन्स मिरचीचा फळासारखा वास उडून जाणाऱ्या द्रव्यांत असतो. आचेवर तो सगळ्यात आधी जातो आणि तिखट मात्र राहतं. म्हणून मिरची कच्चीच वाटायची आणि तिला आंबटपणानं धरून ठेवायचं. बाटलीबंद सॉस खाऊन जे म्हणतात की यात नुसतं तिखट आहे, त्यांनी बहुधा खूप उकळलेला सॉस खाल्लेला असतो.

बिया काढायच्या का, असं मी विचारलं. आजींनी एक मिरची उभी चिरून दाखवली. बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात, त्या पडद्यात तिखट तयार होतं. बियांना ते फक्त लागतं. ज्यांना सौम्य हवं ते निम्म्या मिरच्यांतला तो पडदा खरवडून काढतात. आजींनी काढला नाही.

मिक्सरचं भांडं फिरवून झाल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. आतला फवारा खाली बसू द्यायचा आणि उघडताना तोंड बाजूला. भांडं गार पाण्यानं विसळायचं, कारण गरम पाणी ओतलं की वाफेबरोबर तिखट नाका-डोळ्यांत येतं. हाताला लागलंच तर आधी खाण्याचं तेल चोळायचं, मग साबण. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. जिभेची आग झाली तर पाण्याऐवजी दूध किंवा दही. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर हे काम गच्चीत किंवा अंगणातच करावं, यात जराही हयगय नको.

बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या. व्हिनेगर घेताना लेबल वाचा, ५ टक्के आम्लाचं हवं. घरी करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या आणा. सॉसचा पीएच ४ च्या खाली असला पाहिजे. कच्चा लसूण आणि भाज्या यात असतात, आणि ४.६ च्या वर गेलं की बाटलीत घातक जंतू वाढू शकतात. भाज्या वाढवल्या तर व्हिनेगरही वाढवायचं. आजी पट्ट्या वापरत नाहीत, पण त्यांचा हात त्या मापावर आयुष्यभर बसलेला आहे.

ताजा सॉस चाखला तर प्रत्येक गोष्ट वेगवेगळी लागते, मोहरी एकीकडे, लसूण एकीकडे. आजींनी फडताळातली जुनी बाटली काढून शेजारी ठेवली. महिनाभर मुरलेल्या त्या सॉसला गोलाई आली होती. रंग थोडा उतरला होता, वास मात्र पुढे आला होता.

दक्षिणेला जाताना डेबेच्या रस्त्यावर साहिना आणि फुलौरी ही तिथली भजी खाल्ली, पुढे प्रिन्सेस टाउन, जिथं १९३०च्या दशकात डीन कुटुंबानं डबल्स विकायला सुरुवात केली असं सांगतात. तिथून मोरुगा. या भागात मेरिकिन लोकांची गावं आहेत. १८१२ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्या, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या सैनिकांना इथं जमिनी मिळाल्या. त्यांचे वंशज डोंगरउतारावर लाल तांदूळ पिकवतात. आणि इथलीच मोरुगा स्कॉर्पियन. लाल, फुगीर, खरखरीत सालीची, टोकाला विंचवाच्या नांगीसारखं शेपूट. २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या चिली पेपर इन्स्टिट्यूटनं तिची सरासरी १२ लाख स्कोव्हिलच्या वर मोजली, काही झाडांची फळं २० लाखांच्या पलीकडे गेली. एका शेतकऱ्यानं चाकूनं फळ उघडलं तेव्हा आतल्या भिंतीवरही तेलकट थेंब चमकत होते. या जातीत तिखट पडद्यापुरतं राहत नाही, सालीच्या आतल्या बाजूलाही असतं. पडदा खरवडून इथं काही साधत नाही.

पुढे आणखी तिखट मिरच्या निघाल्या. २०२३ मध्ये पेपर एक्स सरासरी २६.९ लाखांवर नोंदली गेली. या आकड्यांच्या शर्यतीत मला रस वाटत नाही. मोरुगातल्या त्या शेतकऱ्यानंही आकडा सांगितला नाही. मिरची हुंगायला दिली.

कॅरिबियनमध्येच पुढे गेलं की सॉस बदलतो. बार्बाडोसमध्ये मोहरी आणि हळद जास्त, त्यामुळे तो पिवळाजर्द. जमैकात स्कॉच बॉनेट आणि जोडीला ऑलस्पाइस. गयानात चेरीएवढी विरी विरी मिरची, आणि तिथलं एक आंबट फळ, सुरी, जे हातात घेतल्यावर गोव्या-कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. ती आपली बिमलीच.

निरोपाच्या आदल्या दिवशी आजींनी कॅलालू केलं. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, खेकडा. वर एक अख्खी पिवळी काँगो पेपर अलगद सोडली, देठासकट, कुठेही चीर न पाडता. पातेल्यापाशी त्या स्वतः उभ्या राहिल्या, कालथा दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. मिरची मऊ झाली, फुटायच्या आत पळीनं उचलून बाजूला ठेवली. त्या कॅलालूला तिखट असं काही नव्हतंच, पण पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत मिरचीचा वास भरून होता. क्युरेपला जे अर्ध्या चमच्यात ओझरतं कळलं होतं, ते इथं पूर्ण समोर आलं.

पुण्यात काँगो पेपर मिळत नाही. एका रोपवाटिकेतून हाबानेरोची रोपं आणली, गच्चीत छान येतात. फक्त ऐन उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी लागते, नाहीतर फुलं गळतात. पाऊस संपता संपता फळं रंगतात. भूत जोलोकिया मिळाली तर वास खूप जवळचा येतो, मात्र पाव किलोच्या जागी चार-पाचच घ्या आणि उरलेलं वजन लाल सिमला मिरचीनं भरून काढा. बंधनिया ईशान्य भारतातला माल ठेवणाऱ्या दुकानांत कधीकधी मिळते. एरवी मी कोथिंबिरीचे देठ घेते, पानं नाही, आणि चव थोडी कमी पडते हे मान्य करते. सॉस मुगाच्या खिचडीवर, तळलेल्या बांगड्यावर, कांदाभज्यांबरोबर उत्तम लागतो. दह्याच्या कोशिंबिरीत मात्र घालू नका, दही वासाला झाकून टाकतं.

आणि अळूचं फदफदं शिजताना एक अख्खी हाबानेरो वर सोडून बघा. देठ राहू द्या, चीर पाडू नका, दाणे आणि खोबरं घातल्यावर शेवटची दहा मिनिटं पुरतात. ढवळायचं कडेकडेनं.