भाचीला दत्तक घेताना
ताई गेल्यावर तिची सात वर्षांची मुलगी आमच्याकडेच राहू लागली होती, त्यामुळे दत्तक म्हणजे जे आहे त्यावर सरकारी शिक्का उमटवणे, एवढीच माझी समजूत होती. वकिलांनी ती पहिल्याच भेटीत दूर केली. नुसता सांभाळ करायचा असेल, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालचे पालकत्व पुरते; पण मूल सज्ञान झाले की ते संपते आणि त्यातून वारसाहक्क मिळत नाही. दत्तकाने मात्र नातेच बदलते, आणि वैध दत्तक नंतर रद्द करता येत नाही.

आम्हाला लागू होतो तो 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. मूल अविवाहित आणि पंधरा वर्षांच्या आतले हवे (रूढी असल्यास अपवाद), मुलगी घ्यायची तर दत्तक वडील तिच्याहून किमान एकवीस वर्षांनी मोठे हवेत. आम्हाला मुलगा आहे, पण त्याने मुलगी घेण्यास बाध येत नाही. मुलगाच घ्यायचा असता, तर आला असता. दत्तहोमाची सक्ती नाही, प्रत्यक्ष देणे-घेणे मात्र व्हावेच लागते. भाऊजींनी साक्षीदारांसमोर तिचा हात माझ्या हातात दिला आणि मग दत्तकपत्राची नोंदणी झाली.

मसुदा वाचताना त्यांनी हळूच विचारले, “म्हणजे कायद्याने मी आता तिचा कोण?” वकील थोडे थांबून म्हणाले, “मावशीचे यजमान. काका.”

जन्मघराण्याशी असलेले संबंध तुटतात, तरी जे आधीच तिचे झाले आहे ते तिचेच राहते. ताई मृत्युपत्र न करता गेली. घरातल्या तिच्या हिश्श्यात लेकीचा वाटा त्याच दिवशी ठरला होता आणि तो दत्तकानंतरही कायम आहे. भाऊजींच्या मिळकतीवर मात्र तिचा वारसाहक्क उरत नाही, हे त्यांना सांगावे कसे, या विचाराने मी दोन रात्री जागले. त्यांनी ऐकले आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्र केले. (ते आधी सुचायला हवे होते आम्हाला.)

शाळेच्या दाखल्यावर आता माझ्या यजमानांचे नाव आहे. घरी ती भाऊजींना बाबा आणि यांना काका म्हणते. आम्ही कोणी तिला दुरुस्त करत नाही.