कागदावर लिहून द्या

मी जिनॉमिक्समध्ये काम करते, म्हणजे डीएनएचा डेटा कॉम्प्युटरवर वाचते, आणि बारा वर्षांत पेशंटसमोर बसायची वेळ माझ्यावर दोनचारदाच आली असेल. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी केलं, मग पुण्यात एमएस्सी, पीएचडी, तेव्हा लॅबमध्ये हातानं डीएनएवर काम, जेल चालवायचे, पीसीआर लावायचे, नंतर हळूहळू पिपेट सुटली आणि सर्व्हर हातात आला. लॉकडाऊनमध्ये सांगलीला घरी आले ती इथंच राहिले, लॅब पुण्यात आणि मी विश्रामबागेत. त्यामुळं माझ्यासाठी पेशंट म्हणजे एक सॅम्पल नंबर आणि फॉर्मवरच्या दोन ओळी.

२०२५ च्या नोव्हेंबरात मिरजेच्या एका डॉक्टरांचा फोन आला, लहान मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट आहेत. म्हणाले, "मॅडम, तुमचा जूनमधला रिपोर्ट समोर आहे, एक्झोम निगेटिव्ह. मुलगी माझ्याकडं आज पहिल्यांदा आलीय. सव्वादोन वर्षांची आहे, बसते पण उभी राहत नाही, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाही, जीभ सारखी थरथरतेय, आणि डोक्यानं एकदम तल्लख. मला एसएमए सोडून दुसरं काही वाटत नाही. जरा परत बघता का?"

रिपोर्टवर सही माझी होती.

एक्झोम टेस्ट म्हणजे डीएनएतला प्रोटीन बनवणारा भाग वाचायचा, त्याचं सॅम्पल दुसऱ्याच गावच्या डॉक्टरांकडून आलेलं. फॉर्मवर 'अंग ढिलं, वाढ उशिरा' एवढंच, आणि खाली एक टीप की आईवडील नात्यातले. वडील आत्याचा मुलगा, आई मामाची मुलगी, आपल्याकडं गावोगाव असतं तसं. त्या एका टिपेवर मी वाहवत गेले होते. नात्यातल्या लग्नातल्या मुलांच्या जिनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएमध्ये, लांबच्या लांब पट्टे असे असतात की आईकडची आणि बापाकडची प्रत हुबेहूब एक, कारण दोन्ही एकाच आजोबा-पणजोबाकडून फिरून आलेल्या, आणि दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारा आजार बहुतेक वेळा त्या पट्ट्यांतच दडलेला असतो. म्हणून मी ते सगळे पट्टे एकेक करून चाळले, खरंच मन लावून चाळले, तिथं काही नव्हतं, आणि मी निगेटिव्ह लिहिलं.

फोन ठेवल्या ठेवल्या ती फाईल उघडली आणि सरळ पाचव्या गुणसूत्रावर गेले.

एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्या मरत जातात आणि स्नायू सुकतात. यातलं जीन एसएमएन१, ते १९९५ मध्ये फ्रान्समध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या टीमनं शोधलं. अडचण अशी की त्याच्या शेजारीच त्याचं जुळं भावंड बसलेलं आहे, एसएमएन२. दोघांत फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या डीएनएच्या अक्षरांचा, त्यातलं महत्त्वाचं एकच, सातव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जीनच्या कामाच्या सातव्या तुकड्यात, एकाकडं सी आणि दुसऱ्याकडं टी. त्या एका अक्षरापायी एसएमएन२ कडून चांगलं प्रोटीन जेमतेम दहावा हिस्सा बनतं. साधारण ९५ टक्के पेशंटमध्ये एसएमएन१ चा सातवा एक्झॉन आईकडूनही आलेला नसतो आणि बापाकडूनही नाही, आणि पोर जगतं ते त्या दहाव्या हिश्शावर.

आता मशीन काय करतं, तर डीएनएचे दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं, कोट्यवधी, आणि मग सॉफ्टवेअर एकेक तुकडा जिनोममध्ये कुठं बसतो ते शोधतं. समजा पाकिटावर नुसतं 'वडगाव' लिहिलंय, तालुका नाही, जिल्हा नाही. पोस्टमन करणार काय? एसएमएनच्या तुकड्यांचं तसंच होतं, बहुतेक दोन्हीकडं सारखेच बसतात, म्हणून सॉफ्टवेअर कुठल्यातरी एका जागी टाकून देतं आणि वर शेरा मारतं, खात्री शून्य. आणि पुढचा प्रोग्राम, जो बदल शोधतो, तो शून्य खात्रीचे तुकडे बाजूला काढून मगच कामाला लागतो. म्हणजे त्या जागेवर काही सापडलं नाही असं नव्हतंच, त्या जागेवर कुणी बघितलंच नव्हतं, आणि माझ्या रिपोर्टमध्ये या दोन गोष्टींना एकच शब्द होता, निगेटिव्ह. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सारख्या दिसणाऱ्या भागातले बदल या टेस्टमध्ये सुटू शकतात. पण द्राक्षबागेत राबणारा बाप तिसरं पान वाचणार का? डॉक्टर तरी किती वाचतात.

स्क्रीनवर तो भाग आला. खात्रीचे तुकडे राखाडी भरलेले दिसतात, शून्यवाले पोकळ, नुसती बाह्यरेषा. इथून तिथून जवळजवळ सगळे पोकळ. मी दोन्ही जागांचे तुकडे एकत्र केले आणि त्या एका अक्षरावर मोजायला घेतले. ११२ तुकडे. ११२ च्या ११२ टी. एक सी नाही. मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले, परत आले, परत मोजलं.

पुण्याला फ्रीजरमध्ये डीएनए शिल्लक होता, आईवडिलांचं रक्त नव्यानं मागवलं, आणि एमएलपीए करून घेतलं, ती टेस्ट प्रती मोजते. मुलगी एसएमएन१ शून्य, एसएमएन२ तीन. आईकडं एसएमएन१ ची एकच प्रत, बापाकडंही एकच.

डॉक्टर म्हणाले जेनेटिक काउन्सेलर इथं कुणी नाही, तुम्ही सांगलीतच आहात तर या, सोबत बसू. गेले. मिरजेच्या त्या छोट्या ओपीडीत आई, वडील, आजी आणि ती. वडील तासगावकडचे, बागेतली फेलफूट, म्हणजे द्राक्षवेलीची नको असलेली फूट, काढायला मजूर लावून आलेले, सारखं घड्याळाकडं बघत होते. मुलगी सतरंजीवर बसलेली, समोर कागदावर चिरमुरे, आणि ती एकेक चिरमुरा उचलून आजीच्या तळहातावर ठेवत होती. बोटं बारीक थरथरायची, चिरमुरा निसटायचा, ती परत उचलायची, अजिबात चिडायची नाही. माझ्या ११२ टी च्या त्या रांगेचा अर्थ मला त्या बोटांत दिसला. खरं सांगते, पोटात कालवलं.

मी आधी चूक सांगितली. जूनमध्ये हे दिसायला हवं होतं, रिपोर्ट माझा होता, पाच महिने गेले, माफी मागते म्हणाले. वडील काही बोलले नाहीत, मान हलवली. पाच महिने कमी नाहीत या आजारात, गेलेल्या पेशी परत येत नाहीत, औषध लागू पडलं तर आहेत त्या टिकतात.

औषधाचं डॉक्टरांनी सांगितलं. रिसडिप्लाम, रोज तोंडावाटे द्यायचं. आधी एक बाटली सहा लाखांच्या आसपास होती, ऑक्टोबरमध्ये दिल्ली हायकोर्टाचा निकाल लागला आणि भारतीय कंपनीची बाटली १५,९०० रुपये छापील किमतीला आली. दहा किलोच्या मुलीला एक बाटली तीन-साडेतीन आठवडे जाते. तरी वर्षाचे अडीच लाख होतातच, पण शेतकरी बाप निदान ते आकडे मांडून बघू शकतो, आधीच्या किमतीत मांडायलाही काही नव्हतं. शिवाय दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणात मदतीची सोय आहे, मुंबईचं केईएम त्या केंद्रांपैकी एक, तिथला कागद डॉक्टरांनी तिथल्या तिथं भरायला घेतला.

मग आजी बोलली, इतका वेळ गप्प होती. "म्याडम, एक इचारू का? मीच भावाची पोर सून म्हणून आणली. आता समदी म्हणत्यात नात्यात केलं म्हणून पोर अशी झाली. भाऊ माझ्याशी वरीस झालं बोलत न्हाई."

याचं उत्तर माझ्याकडं होतं, आदल्या रात्रीच बघून ठेवलेलं, आणि मलाच ते अपेक्षित नव्हतं. मुलीच्या जिनोममध्ये ते एकसारखे पट्टे बाकी बऱ्याच ठिकाणी आहेत, पण पाचव्या गुणसूत्रावर एसएमएनच्या दोन्ही बाजूंना नाहीत. तिथं आईकडची प्रत वेगळी, बापाकडची वेगळी. आते-मामे नात्यातून आलेला तुकडा चांगला लांबलचक असतो, तो असा लपत नाही. म्हणजे दोघांकडचा दोष वेगवेगळ्या वाटेनं आला. एसएमएचे वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेली पण स्वतः ठणठणीत माणसं, तसे फार दुर्मिळ नाहीत, साधारण पन्नास माणसांत एक, नात्याबाहेर लग्न झालेल्या घरांतही ही मुलं जन्मतात. आता यावरून कुणी नात्यात लग्न करा असा अर्थ काढू नये, त्यात दुसऱ्या कितीतरी आजारांची शक्यता वाढते आणि ती मी रोज बघते. पुढच्या मुलाच्या वेळी चारात एक धोका आहे, गरोदरपणात लवकर तपासता येतं, तेही मी सुनेला सांगितलं. पण या पोरीच्या बाबतीत आजीनं अंगावर घेतलेलं ओझं तिचं नव्हतं.

मी म्हणाले, "आजी, तुमच्या माहेरचं एकच रक्त दोन्हीकडनं येऊन हे झालेलं नाही. दोघांकडं वेगवेगळ्या वाटेनं आलंय. नातं नसतं तरी असं होऊ शकलं असतं."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं. मी स्वतः तपासलंय."

ती थोडा वेळ हातातल्या चिरमुऱ्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लेकी, हे कागदावर लिहून द्या. भावाला दावायचं हाय."

डॉक्टरांनी लेटरहेड पुढं सरकवलं. आजवर शेकड्यांनी रिपोर्ट लिहिले असतील, सगळे इंग्रजीत, ठरलेल्या साच्यात. त्या दिवशी पेन घेऊन मराठीत चार ओळी लिहिल्या, पहिल्यांदा 'दोष' लिहिलं, ते खोडलं, 'बदल' लिहिलं, मग वाटलं खोडलेला कागद भावाला कसा दाखवणार, दुसरा कागद घेतला. खाली सही केली, तारीख टाकली, डॉक्टरांनी शिक्का मारला. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, मग चार घड्या घालून चंचीत ठेवला आणि म्हणाली, तासगावला जायच्या आधी भावाच्या दारावरनं जाऊ.