फूटर तळाला बसवता बसवता (माझा अनुभव)

लातूरला माझ्या मामांचं ठिबकच्या पाइप-फिटिंगचं दुकान आहे. त्यांची वेबसाइट फार पूर्वी कोणीतरी करून दिलेली, सगळी टेबलात, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात बांधलेली, दिसायला जुनाट, पण वर हिरवी पट्टी, खाली हिरवी पट्टी (हाच तो फूटर) आणि खालच्या पट्टीत दुकानाचा नंबर, हे एकदम चोख बसलेलं. मी म्हटलं मामा, नवीन करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. हे दोन दिवस म्हणालो ना, तिथंच चुकलं.

टेबलं काढून टाकली, त्याऐवजी डिव्ह, म्हणजे साधे डबे केले, पहिल्या ओळीत डॉकटाइप (पान आजच्या नियमांनी दाखव असं ब्राउझरला सांगणारी ओळ) टाकला आणि संपर्काचं पान उघडलं तर खालची पट्टी मधोमध. पत्ता, दुकानाची वेळ, लगेच हिरवी पट्टी आणि तिच्याखाली अर्धा स्क्रीन पांढराफटक. मामांना स्क्रीनशॉट पाठवला तर फोनच आला, "अरे, ही पट्टी अशी मधीच काय लोंबकळायली?"

मला वाटलं सोप्पंय, मेन, म्हणजे मधल्या मजकुराच्या डिव्हला हाइट (उंची) १००% देऊ. दिली, काहीच नाही. २०० केली, तरी नाही. इथं माझी एक संध्याकाळ गेली, कारण जुन्या साइटवर तर हेच १००% चाललेलं दिसत होतं. नंतर कळलं की जुन्या पानाला डॉकटाइपच नव्हता, आणि तो नसला की ब्राउझर जुन्या काळासारखा वागतो, ज्याला क्वर्क्स मोड म्हणतात, आणि त्यात बॉडी, म्हणजे पानावर दिसणारं सगळं ज्यात बसतं तो डबा, आपोआप स्क्रीनभर पसरते. मी डॉकटाइप टाकून शिस्त आणली आणि ती सोय गेली. म्हणजे चांगलं वागल्याची शिक्षा.

बाकी नियम काय आहे तर टक्के म्हणजे आईबापाच्या, म्हणजे ज्या डब्यात आपण बसलोय त्याच्या, उंचीचे टक्के. बापाची उंची ऑटो असेल, म्हणजे "आत जेवढा मजकूर तेवढा मी" असं असेल, तर पोराचे १००% कशाचे काढणार? ब्राउझर सरळ ते ऑटो धरतो. एररसुद्धा देत नाही. म्हणून एचटीएमएलला (सगळ्यात बाहेरच्या डब्याला) १००%, बॉडीला १००%, आणि मध्ये मी एक रॅपर, म्हणजे सगळ्याला गुंडाळणारा डिव्ह घातला होता (का घातला होता ते आता मलाही आठवत नाही) त्यालाही १००%. एक कडी सुटली की सगळं खाली येतं.

झालं एकदाचं, पट्टी तळाला गेली. पण उजवीकडे स्क्रोलबार आला, पान दोन ओळींचं आणि तरी जरासं हलतंय. हे कुठून येतंय बघायला मी प्रत्येक डिव्हला लाल बॉर्डर लावली, आणि बॉर्डरचीच जाडी उंचीत मिळून पान अजून वाढलं. शहाणपण! आउटलाइन लावली असती तर ती जागा खात नाही. तर दोष बॉडीच्या मार्जिनचा, म्हणजे डब्याबाहेरच्या मोकळ्या जागेचा निघाला, ब्राउझर चारही बाजूंनी ८ पिक्सेल स्वतःहून देतो, वरचे-खालचे मिळून १६. ते शून्य केलं तरी वरच्या पट्टीच्या डोक्यावर पांढरी फट उरलीच. ती पट्टीतल्या दुकानाच्या नावाची, म्हणजे एच१ या मोठ्या मथळ्याची वरची मार्जिन, जी आत न राहता बाहेर गळते आणि अख्खी बॉडी खाली ढकलते.

मग मालाच्या यादीचं पान उघडलं. तिथं पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह अशी लांबलचक यादी, आणि हिरवी पट्टी यादीच्या मधोमध, अक्षरांवर चढलेली. कारण उंची १००% म्हणजे स्क्रीनएवढीच, मजकूर जास्त झाला तर तो डब्याबाहेर सांडतो. इथं मिन-हाइट पाहिजे होती, "निदान एवढा तरी हो, जास्त झालास तर वाढ". पण बापाला नुसती मिन-हाइट दिली की पोराचे टक्के परत बंद, कारण त्याला ठरलेली हाइट लागते. हे वाचून मी लॅपटॉप मिटून जेवायला गेलो.

शेवटी टक्के पूर्ण सोडले. बॉडीला मार्जिन शून्य, मिन-हाइट १००व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची), डिस्प्ले फ्लेक्स (आतल्या डब्यांना जागा वाटून देणारी मांडणी), दिशा कॉलम (वरून खाली), आणि मेनला फ्लेक्स १. बास. व्हीएच थेट स्क्रीनवरून मोजतं, त्याला आईबाप विचारावे लागत नाहीत, आणि उरलेली जागा मेन खातो त्यामुळे पट्टी आपोआप तळाला. ती फटही गेली, कारण फ्लेक्सच्या आतल्या पोरांच्या मार्जिन बाहेर गळत नाहीत. एवढ्या चार-पाच ओळींसाठी तीन रात्री.

मामांना लिंक पाठवली. "नंबर कुठंय?" माझ्या लॅपटॉपवर झकास दिसतोय, त्यांच्या फोनवर नाहीच. मी म्हणतो खाली सरकवा, ते म्हणतात दोन ओळींचं पान काय सरकवायचं. बरोबरच होतं त्यांचं. फोनच्या ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाकायची पट्टी (अॅड्रेस बार) असते, वर नाहीतर खाली, सरकवलं की लपते, आणि १००व्हीएच ती लपलेली आहे असं धरून मोजतं. त्यामुळे पान उघडताना तेवढी उंची जास्त होते आणि नेमका नंबरच कडेखाली जातो.

यावर पूर्वी लोक जावास्क्रिप्टने खिडकीची उंची मोजून घालायचे. २०२२ पासून सफारी, फायरफॉक्स, क्रोम सगळ्यांत नवीन एककं आली आहेत: एसव्हीएच म्हणजे पत्त्याची पट्टी दिसत असतानाची उंची, एलव्हीएच लपल्यावरची, आणि डीव्हीएच त्या क्षणी असेल ती. मी आधी हौसेने सगळीकडे डीव्हीएच टाकलं, पण पहिल्या पानावर शेताचा पूर्ण स्क्रीनभर फोटो आहे, तो सरकवताना पत्त्याची पट्टी लपली की फोटो वाढायचा आणि खालचा मजकूर टुणकन उडायचा. मग एसव्हीएच केलं. जुन्या फोनसाठी आधी १००व्हीएचची ओळ आणि तिच्याखाली १००एसव्हीएचची, ज्याला दुसरी कळत नाही तो ती सोडून देतो आणि पहिली धरतो.

मामांनी परत उघडलं. नंबर दिसला. त्यावर बोट ठेवलं तर काहीच झालं नाही म्हणे, कॉल लागला पाहिजे ना. टेलची, म्हणजे बोट ठेवलं की कॉल लावणारी लिंक करायची राहिली होती, ती एका मिनिटात केली.