उत्तर आधीच माहीत असलेले गणित

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की मी पुढच्या वाहनाच्या पाटीवरचे, एमएच 15 नंतरचे चार आकडे उचलतो आणि मनातल्या मनात वजाबाकी सुरू करतो. ही सवय मला आमच्या गणिताच्या सरांनी लावली. आमची शाळा देवळाली भागातली, अगदी लहान होती. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आणि पाचवी ते दहावी गणिताला एकच सर.

सर दर शनिवारी प्रत्येकाला निराळी चार अंकी संख्या देत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची आणि येणाऱ्या बाकीवर पुन्हा तेच करायचे. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते आणि मग तेच येत राहते. हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षे ते देवळालीतच शाळामास्तर होते. 1975 मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. सरांना या गोष्टीचा इतका अभिमान होता, की ‘आपले कापरेकर’ म्हणताना ते नकळत कॉलर सारखी करत.

परंतु सर हा खेळ केवळ अभिमानापोटी घेत नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. सगळ्यांचे उत्तर एकच असल्यामुळे शेजाऱ्याच्या वहीत डोकावून काही हाती लागत नसे. शिवाय मध्ये कुठे चुकले, तरी गाडी बहुधा 6174 वरच येऊन थांबे, त्यामुळे उत्तर बरोबर आले एवढ्यावर सुटका नव्हती. सर वही हातात घेत, ती शेवटची ओळ अंगठ्याने झाकूनच.

एकदा माझ्या वाट्याला 1949 आली. 8442, 5994 असे करत मी 6174 पर्यंत पोहोचलो आणि छाती फुगवून वही पुढे केली. सरांनी पायऱ्या मोजल्या. त्या आठ भरल्या. ‘सातात संपायला हवं होतं, बाळ,’ एवढेच म्हणून ते ओळीओळीवरून बोट फिरवू लागले. ते वजाबाकी करत नव्हते, प्रत्येक बाकीच्या अंकांची नुसती बेरीज करत होते. अशा वजाबाकीत येणाऱ्या संख्येला नऊने भाग जातोच, म्हणून तिच्या अंकांची बेरीजही नवाच्या पाढ्यातलीच यायला हवी. पहिल्या ओळीची 18 झाली, दुसरीची 27, आणि तिसरीवर बोट थांबले. मी 9954 मधून 4599 वजा करून 5455 लिहिले होते. पाच, चार, पाच, पाच, एकोणीस.

‘शतकाच्या घरातला हातचा कुठे गेला?’

मी खाली पाहू लागलो. सरांनी वहीवर लाल रेघ मारली नाही, चूक दुरुस्तही केली नाही. तिसऱ्या ओळीखालचे सगळे खोडून टाक, असे सांगून वही माझ्या हातात दिली आणि ते पुढच्या बाकाकडे वळले.